दोन-दोनचा हात

१

मला वाटलं होतं, झाडाखाली बैठक असेल. पेठच्या, कळवणच्या, मनमाडच्या बांगड्या विकणाऱ्या बायका सतरंजीवर गोल करून बसतील, मी त्यांच्यात बसेन, आणि हा धंदा यापुढे कोणाचा, ते आम्ही मिळून ठरवू. इंग्लंडमध्ये शिकत असताना मी हे चित्र इतक्या वेळा मनात पाहिलं होतं, की त्या सतरंजीचा रंगसुद्धा मला ठाऊक होता.

मिळाली ती नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका बांगड्यांच्या दुकानावरची खोली. अरुंद लाकडी जिना. एक ट्यूबलाइट. भिंतींना लागून छतापर्यंत रचलेली खोकी, मध्ये टेबल आणि कॉम्प्युटर. टेबलाच्या डाव्या बाजूला, छतात, पोटमाळ्याचं चौकोनी तोंड आणि त्याला टेकवलेली शिडी. कॉम्प्युटरमध्ये हिशोबाचं सॉफ्टवेअर होतं, आणि त्यात प्रत्येक बाई दोनदा होती.

दुकान मंजुषाताईंचं. सासूबाईंच्या मागे त्याच ते चालवतात. खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांच्याकडून माल घेतात, आठवडी बाजारात आणि दारोदार फिरून विकतात, उरलेला परत आणून देतात. या बायकांनाच धंद्याच्या भागीदार करायचं, असा प्रस्ताव मी तिकडूनच लिहून पाठवला होता. मंजुषाताईंनी फोनवर एका वाक्यात होकार दिला होता. "कर बाई, माझ्यामागे तरी कोण बघणार आहे!"

पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि माझा हात ओढून मांडीवर घेतला.

"माझ्या दुकानात रिकाम्या हाताने कोणी बसत नाही. अंगठा आत घे. हं, असा तळव्यात मुडप. बोटं जुळव. आता हात सैल सोड. अगं सैल! परीक्षेला बसलीयेस का?"

हिरव्या काचेच्या दोन बांगड्या गेल्या. तिसरी हाडावर अडली आणि कट्‌ झालं. मनगटावर बारीकसा ओरखडा उठला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "वाढली."

मी ओशाळून मनगटाकडे पाहिलं. "तिकडे बटाटे फार खाल्ले मी."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसताच त्यांनी मांडीवरचे काचेचे तुकडे वेचले, अगदी बारीक कणसुद्धा बोटाने टिपून घेतला, आणि सगळं बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकलं.

माझे बाबा सैन्यात होते. शाळा मी डेहराडूनच्या वसतिगृहात राहून केली, पुढचं शिक्षण त्याहून लांब. मराठी मी आईजवळ शिकले, बाजारात नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं.

२

या बायकांच्या भागीदारीच्या कंपनीची नोंदणी करायची होती. एक बाई, एक नाव, एक मत. एवढंच मी टेबलासमोरच्या भिंतीवर कागदावर लिहून चिकटवले होते. सभासदांची यादी सॉफ्टवेअरमधून काढायची, नाहीतर प्रत्येकीच्या दारात जाऊन हाताने लिहून आणायची, आणि तीत एखादं नाव दोनदा आलं तर अर्ज परत येणार, असं आमच्या सल्लागाराने बजावलं होतं. शुक्रवारी अर्ज द्यायचा होता.

दुहेरी नावांचं मला नवल नव्हतं. छोट्या धंद्यात हे होतंच. एकदा 'भिमाबाई' लिहितात, एकदा 'भीमाबाई'; नंबर बदलला की कोणी जुनी नोंद न शोधता नवी करून मोकळं होतं. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी सोय असते. दोन नोंदी निवडायच्या आणि एकत्र करायच्या.

पण इथली नावं अक्षरान्‌अक्षर सारखी होती. गाव तेच, मोबाइल नंबर तोच. फरक दोनच रकान्यांत होता.

पहिला रकाना मापाचा. संक्रांतीला मंजुषाताई प्रत्येकीच्या हातात नव्या बांगड्या भरतात, म्हणून प्रत्येकीचं माप लिहिलेलं असतं. दोन-चार, दोन-सहा, मोठ्या हाताला दोन-आठ. पहिल्या नावापुढे अशी वेगवेगळी मापं होती. दुसऱ्या नावापुढे मात्र सगळीकडे एकच होतं. भिमाबाई, साळूबाई, विठाबाई, भागीबाई, कोणीही असो: दोन-दोन.

जणू त्या सगळ्या जणींना मिळून एकच हात होता.

दुसरा रकाना शेऱ्याचा. पहिल्या नावापुढे तो रिकामा. दुसऱ्या नावापुढे, प्रत्येक ठिकाणी, एकच शब्द: वाढवली.

मी तो जसा वाचायचा तसाच वाचला. नोंद वाढवली. नाव वाढवलं. यादी फुगवली. एक बाई, एक मत, आणि इथे कोणीतरी प्रत्येक बाईमागे एक खोटी बाई उभी करून ठेवलेली. उद्या मतदान झालं, तर त्या खोट्या बायकांच्या वतीने बोट कोण वर करणार होतं? मला तो एका वाक्यातला होकार आठवला. कोणी आपलं दुकान इतक्या सहज सोडतं का?

त्या दिवशी मी चहा पिताना मंजुषाताईंच्या हाताकडे बघत होते. जाड, गोरा, भरलेला हात. त्या हातात दोन-दोनची बांगडी बोटांच्या पेरांपुढेही गेली नसती.

संध्याकाळी मी वर एकटी असताना पोटमाळ्यात काचेचा आवाज झाला. बारीक, ओघळत गेल्यासारखा. कोणीतरी हात उचलून केस मागे सारावेत, तेव्हा होतो तसा. मी कान दिला. खालून मालाचा टेम्पो गेला, खिडकीची काच थरथरली, वर पुन्हा किणकिण झाली. टेम्पोमुळे खोकी हलतात, मी स्वतःला सांगितलं. आवाज टेम्पोच्या आधी झाला होता की नंतर, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

३

भिमाबाई गांगुर्डे पेठकडची. जिन्यात तिच्याआधी तिच्या बांगड्या यायच्या. दोन्ही हात कोपराच्या निम्म्यापर्यंत भरलेले, आणि बोलताना एक हात हवेत असणारच. मी आल्यापासून माझ्याशी पहिल्यांदा धड बोलली ती हीच, आणि कंपनीत पहिलं नाव माझं घाला, असं म्हणालेलीही हीच.

"काय इंग्लंडच्या मॅडम, कुठवर आली आमची कंपनी?"

"भिमाबाई, तुमचं नाव दोनदा लागलंय."

"आता गं बया! दोनदा?" ती टोपली उतरवून खाली बसली. "मंग एकीला म्हनावं, तू जा घाट चढून, मी निजते घरी."

"हसू नका. खरंच दोन भिमाबाई आहेत यात."

"आमच्या घरधन्याला एकच जड झालीय. दुसरी बगितली तर तो डोंगरात जाऊन बसंल." बांगड्या खळखळल्या. मग तिने मान पुढे काढून स्क्रीनकडे पाहिलं. "आन् ह्ये काय, आकडं?"

"तुमच्या हाताचं माप. तुमचं दोन-आठ ना?"

"दोन-आठच. लाकडं फोडल्याला हात हाय."

"दुसरीचं दोन-दोन लिहिलंय."

भिमाबाईने आपला हात उलटसुलट करून पाहिला. "दोन-दोन ते पोरीसोरींचं. आमच्यातल्या कुन्या बाईचा हात येवढासा ऱ्हातो?" तिने हात पदराखाली घेतला. "त्या हाताला आमचं नाव लावलंय?"

"तसंच दिसतंय."

"मंग काढून टाका, मॅडम. उगा कुनाच्या हाताला आपलं नाव कशापायी? मला माझं येकच नाव पायजे."

"काढते."

"काढते न्हाई. शबुद द्या."

मी शब्द दिला. तिने माझा हात धरून हलवला, इतका जोरात की माझ्या दोन बांगड्याही वाजल्या.

ती गेल्यावर मी खाली जाऊन मंजुषाताईंना सरळ विचारलं. त्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

"ती नावं राहू देत," त्या म्हणाल्या.

"पण ती कोणाची आहेत?"

"सासूबाईंच्या वेळेपासून आहेत."

"ताई, सासूबाईंच्या वेळी कॉम्प्युटर नव्हता."

"नावं होती ना." त्यांनी चिठ्ठीवर अंगठा दाबला. "तुला कंपनीची यादी हवीय, तर वेगळी कर. हाताने लिही हवी तर. त्यातलं मात्र काही पुसू नकोस."

"का?"

"का म्हणजे? मी सांगते म्हणून." मग आवाज खाली आणत, "भिमाबाईच्या नादी लागू नकोस. ती सगळ्यालाच हसते."

मी वर आले. जिच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, ती 'हात लावू नकोस' असं म्हणत नाही. भिंतीवरचा कागद एका कोपऱ्यात सुटला होता. मी तो पुन्हा चिकटवला.

४

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मंजुषाताई जिन्याच्या पायथ्याशी येऊन म्हणाल्या, "तेजल, चल, दुकान वाढवूया."

मी खुर्चीतून उठलेच. दिवसभर मी त्यांच्यावर मनातल्या मनात आरोपपत्र लिहीत होते, आणि त्या स्वतःहून हे म्हणत होत्या!

"खरंच ताई? मीही हेच मांडणार होते. कळवणला आधी सुरू करू. बसस्टँडजवळ एखादा गाळा बघू, साळूबाईंना मनमाडची जबाबदारी देऊ—"

"कळवणला कशाला?" त्या गोंधळून वर बघत होत्या. "शटर ओढायचंय फक्त."

मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या जिन्याचा कठडा धरून हसायला लागल्या. "अगं वेडे! बंद करायचं असं म्हणू नये गं तोंडाने. दुकान वाढवायचं. दिवा मालवायचा नाही, वाढवायचा. आईने शिकवलं नाही का तुला?"

मीही हसले. हसता हसता मला शेऱ्याचा रकाना आठवला. वाढवली म्हणजे बंद केली! ती खोटी नावं नव्हतीच. बंद केलेली जुनी खाती होती, आणि बंद म्हणायचं नाही म्हणून इतका आडवळणाचा शेरा. मी दोन दिवस एका साध्या बाईला चोर ठरवत होते. लाजेने माझे कान तापले.

"तुम्ही कुलूप काढून ठेवा," मी म्हटलं. "मी कॉम्प्युटर वाढवून आलेच."

"शिकली बाई," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

बंद खातं चालू खात्यात मिसळायला कोणाची हरकत असणार? आणि मी शब्द दिला होता. मी दोन्ही भिमाबाई निवडल्या. स्क्रीनवर चौकट आली:

भिमाबाई गांगुर्डे आणि भिमाबाई गांगुर्डे यांना एकत्र करायचे? ही क्रिया परत फिरवता येणार नाही.

वर पोटमाळ्यात किणकिण चालू होती. आता तिच्याकडे लक्षही जाईनासं झालं होतं. मी 'हो' दाबलं.

किणकिण मध्येच थांबली. बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा तशी.

यादीत आता एकच भिमाबाई उरली होती. गाव, नंबर, सगळं ठीक. माप तेवढं चुकीचं आलं होतं. सॉफ्टवेअरने दुसऱ्या नोंदीतलं धरलं होतं. दोन-दोन. सकाळी दुरुस्त करू, म्हणून मी ट्यूबलाइट घालवली आणि खाली आले. जिन्यात मला वाटलं, आपण खोलीत कोणाशी तरी बोलत होतो आणि वाक्य अर्धं टाकून निघालो.

५

सकाळी मी भिमाबाईचं माप दोन-आठ केलं आणि जतन केलं. नोंद पुन्हा उघडली तर दोन-दोन. पुन्हा बदललं. पुन्हा दोन-दोन. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत-क्रमांकावर फोन लावला, तिथल्या मुलाने उत्साहाने सांगितलं की मॅडम, अपडेट टाका. अपडेट टाकलं. दोन-दोन.

सॉफ्टवेअरमधली चूक. दुसरं काय असणार? पण उरलेली नावं एकत्र करायला माझं बोट पुढे जाईना. उद्या करू, म्हणाले.

दुपारी खाली संक्रांतीच्या गिऱ्हाइकांची गर्दी होती. बायकांचा गलका, मंजुषाताईंचा "हात सैल सोड, सैल", सगळं वर ऐकू येत होतं. त्या गलक्यातून जिन्यावर पावलं वाजली. मी स्क्रीनवरून नजर न काढता, डोळ्याच्या कोपऱ्यातून, दारातून आत येणारं पोपटी लुगडं पाहिलं. भिमाबाईचं. मागच्या वेळी तेच होतं.

"या भिमाबाई. तुमचं काम केलं बरं का. चहा सांगू?"

लुगडं माझ्या मागून शिडीकडे गेलं. शिडीच्या पायऱ्या एकामागून एक करकरल्या. वरचा माल बघायला गेली असेल, मी म्हटलं, आणि दोन ओळी टाइप केल्या. मग मला कळलं की मघापासून मला काय खटकतंय.

बांगड्या वाजल्या नव्हत्या. जिन्यात नाही, खोलीत नाही, शिडीवरही नाही.

तेवढ्यात टेबलावरचा माझा मोबाइल वाजला. नाव आलं: भिमाबाई, पेठ.

"हॅलो, मॅडम का? मी सहादू बोलतो, भिमीचा घरवाला. तिच्याच फोनवरनं लावलाय."

"बोला ना."

"भिमीला दवाखान्यात आनलंय हितं पेठला. हात मोडलाय तिचा."

"अरे देवा! पडल्या का?"

"न्हाई ना. त्येच तर कळंना. जीपीतनं उतरली, नीट उभी ऱ्हायली, माझ्याशी बोलत व्हती. आन् हात मोडला. नुस्ता कट् आवाज आला. आन् बांगड्या... दोनी हातातल्या समद्या वाढल्या बगा एकदम. एक न्हाई ऱ्हायली."

"वाढल्या?" मी विचारलं. "म्हणजे, आहेत ना हातात?"

पलीकडे तो अडखळला. "हातात कुठल्या? खाली काचच काच. तसं बोलू न्हाई मॅडम, पर... बांगडीला वाढलीच म्हनायचं."

माझ्या मनगटावरचा पहिल्या दिवसाचा ओरखडा केव्हाच बरा झाला होता. तो एकदम झोंबला.

"डॉक्टर म्हनतो, सूज याया पायजे," सहादू सांगत होता. "सूज न्हाई. हात उलट बारीक पडलाय. पोरीवानी दिसतोय. तुमी आल्यावर बगालच." मागून एक बारीक आवाज आला. ओळखीचा, पण त्यातलं हसू काढून घेतल्यासारखा. "ती इचारती मॅडम, नाव काढलं का?"

फोन कानालाच होता आणि मी मान वर केली.

पोटमाळ्याच्या तोंडातून एक हात खाली आला होता.

मनगटापर्यंतच दिसत होता. लहान, सावळा, स्वच्छ. नखं नीट कापलेली. तो काही धरायला आला नव्हता. बोटं जुळवलेली होती आणि अंगठा आत, तळव्यात मुडपलेला. बांगडीवालीपुढे हात धरतात तसा, अगदी सैल सोडून, तो हात तिथे वाट बघत होता.

६

मी खाली कशी आले ते सांगता येणार नाही. मंजुषाताई एका नव्या नवरीचा हात भरत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. शेवटची बांगडी त्यांनी नीट बसवली. नवरी आणि तिची आई गेल्यावर त्यांनी गादीवरची चादर हाताने साफ केली.

"कोणाचं?" त्या म्हणाल्या.

"भिमाबाईंचं. एकच. मला वाटलं बंद खातं आहे."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ताई, वर कोण आहे?"

"वर माल आहे."

"मी हात पाहिला."

"पाहिलास तर विसर." त्या उठून काउंटरच्या आत गेल्या. बिस्किटांचा डबा उचलून त्यांनी तो छातीशी धरला. आत काच हलली. "हात भरताना एखादीची बांगडी वाढली, तर त्यातलं वाईट आम्ही तिच्या नावावर घरी जाऊ देत नाही. तेच नाव दुसऱ्यांदा लिहून त्या दुसरीवर ठेवतो. सासूबाई वहीत ठेवायच्या, मी मशीनमध्ये ठेवते. तेवढंच."

"दुसरं नाव म्हणजे कोणाचं?"

"मी कधी विचारलं नाही." मग माझ्याकडे न बघता, "आता दोघींचा एकच हात झाला, तेजल."

रस्त्यावर कोणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतं. समोरच्या भांड्यांच्या दुकानात एक माणूस परातीवर टिचकी मारून नाद ऐकत होता. सगळं जसंच्या तसं चालू होतं, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

"माझंही आहे का त्यात?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी तुझीही वाढली होती ना," त्या म्हणाल्या.

सॉफ्टवेअरमधली यादी मोबाइलवरही उघडत होती. मी 'त' अक्षरापर्यंत खाली आले. तेजल निकम. तेजल निकम. इतके दिवस मी फक्त विक्रेत्या बायकांचीच यादी बघत होते. कामावरच्या माणसांची वेगळी असते, हे मला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या तेजलपुढे माप होतं दोन-दोन.

७

त्या रात्री मी सगळ्याला कारणं शोधली. भिमाबाईच्या हाडांत कॅल्शियम नसेल. टोपली वाहून वाहून मनगटाला बारीक तडा आधीच गेला असेल. सॉफ्टवेअर जुनं आहे. पोपटी लुगडी पेठच्या बाजारात शंभर जणींकडे असतील. मंजुषाताईंना दुकान सोडायचं नाही, म्हणून त्यांनी कोणा पोरीला शिडीवर चढवलं असेल. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त पटलं, आणि मी सर्वांत जास्त वेळ तेच धरून बसले. पण सहादूने सांगितलेला बारीक पडलेला हात मंजुषाताईंना इथून करता आला नसता.

सकाळी मी दुकान उघडायच्या आधी गेले. मंजुषाताई आलेल्याच होत्या. त्यांनी वरच्या खोलीची किल्ली दिली.

"फोन केलास पेठला?" त्यांनी विचारलं.

"केला. तो हात प्लास्टरमध्ये ठरत नाहीये. सैल पडून निसटतोय."

त्या जिन्याखाली उभ्या राहिल्या. मी वर गेले.

खोलीत सकाळचं ऊन आलं होतं, खोक्यांवर, टेबलावर, शिडीच्या खालच्या पायरीवर. पोटमाळ्याचं तोंड काळं होतं. मी तिकडे बघितलं नाही. एक बाई, एक नाव, एक मत, असं भिंतीवर माझ्याच अक्षरात होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द मला अजूनही खराच वाटत होता. आज शुक्रवार. उरलेली नावं एकत्र केली तर यादी तासाभरात स्वच्छ होऊन बाहेर पडली असती. नाहीतर गावोगाव फिरून, प्रत्येकीच्या दारात बसून, नावं हाताने लिहायला लागणार होती, आणि अर्ज पुढच्या खेपेला जाणार होता. मी आधी सल्लागाराला फोन करून सांगितलं, की आज अर्ज येणार नाही. मग त्या दोघींना पुन्हा वेगळं करायला कॉम्प्युटर चालू केला.

नवी नोंद.

नाव: भिमाबाई गांगुर्डे. गाव: पेठ. नंबर मला आता पाठ होता.

माप: दोन-दोन.

शेऱ्याच्या रकान्यात मी थांबले. तिने मला शब्द मागितला होता. माझं एकच नाव पाहिजे, म्हणाली होती, आणि मी तिच्या हातात हात देऊन हो म्हटलं होतं. तो शब्द मी आता माझ्याच हाताने मोडणार होते. मी लिहिलं: वाढवली.

चौकट आली.

या नावाची नोंद आधीच आहे. तरीही नवी तयार करायची?

वर लाकूड करकरलं. कोणीतरी तोंडाशी येऊन बसल्यासारखं.

माझा डावा हात टेबलावर होता. त्याची बोटं जुळलेली होती, आणि अंगठा तळव्यात मुडपलेला. तो केव्हापासून तसा होता, कोण जाणे. मी तो सरळ करायला गेले नाही. उजव्या हाताने 'हो' दाबलं.